पुढच्या पाख्याची मालकीण

तिच्या घराचं पुढचं दार लाथ मारल्याशिवाय लागत नसे. खालच्या कोपऱ्यात, कडीच्या बाजूला, टाचेनं एक सणसणीत लाथ घातली की ते कुरकुरत चौकटीत जाऊन बसायचं. त्या जागी लाकडाला खळगा पडला होता. गल्लीतले लोक त्या आवाजावर चहा टाकायचे. धाडकन झालं, की समजायचं, डबल बेल ड्युटीवर निघाली.

डबल बेल हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ती बसमध्ये कंडक्टर. दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की निघते, आणि हिचा हात दोनदाच ओढायला शिवशिवतो, असं म्हणत एका ड्रायव्हरनं ते नाव चिकटवलं. चिडवायला ठेवलेलं नाव तिनं बिल्ल्यासारखं छातीवर मिरवलं. पायरीवर लटकणाऱ्यांवर, बायकांच्या अंगावर रेलणाऱ्यांवर, तिकीट न काढता खिडकीबाहेर निसर्ग बघणाऱ्यांवर ती दिवसभर चिडायची आणि संध्याकाळी घरी येऊन उरलेलं चिडणं पुरं करायची.

"रागाशिवाय मला भूकच लागत नाही," असं ती स्वतःच म्हणायची.

लोक याला स्वभाव म्हणून मोकळे होतात. पण स्वभाव आभाळातून पडत नाही. ज्या घरात नवऱ्याचा हात ऊठसूट उठायचा त्या घरातून ती एका पिशवीनिशी बाहेर पडली, तेव्हा सगळे म्हणाले, एकटीनं राहणं तुला झेपणार नाही. डेपोत नोकरी मागायला गेली, तर साहेब फाईलमधून मान वर न करता म्हणाला, बाई, गर्दीची लाईन आहे, तुम्हाला झेपणार नाही. दर वेळी समोरचा माणूस हे अगदी मायेनं सांगायचा. त्या मायेनंच तिचं डोकं फिरायचं. शिवी दिली तर उलट देता येते. मायेला काय देणार?

आणि मग घराचं झालं.

घर तिच्या बापानं बांधलेलं. बाप गवंडी, आठवडाभर लोकांची घरं बांधायचा आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःचं. वर चपटी मातीची कौलं, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बसवलेली. मधोमध आढं, म्हणजे छपराचा कणा, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन उतार. उताराला पाखं म्हणतात. पुढचं पाखं रस्त्याकडं, मागचं परसाकडं. बाप गेला आणि धाकट्या भावानं गृहीत धरलं की घर त्याचं. गृहीत धरायला भावांना कुठं शिकवावं लागतं? ते त्यांच्या दुधातच असतं. भाऊ वायरमन होता, वाईट माणूस नव्हता. बहिणीला त्यानं काढून दिलं नसतं. कोपऱ्यातली खोली दिली असती, ताटात वाढलं असतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं असतं, ताई आमच्याकडेच असते.

'आमच्याकडे' हा शब्द तिला लागला. तिनं अर्धा वाटा मागितला.

अरे बापरे, गल्लीला काय ऊत आला! सख्ख्या भावाचं घर खाते म्हणे. तिला ना मूल ना बाळ, करायचंय काय घर? जणू घर मुलांनाच लागतं, एकट्या बाईला पावसात उभं राहायची जन्मजात सवय असते. मामानं समजावलं, आत्यानं रडून दाखवलं. ती बधली नाही. कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, वाटा घेतला. पुढचं अर्धं हिचं, मागचं अर्धं त्याचं. मधे भिंत उठली. ती डोक्याच्या वर हातभर चढली आणि विटा संपल्या की ईर्षा संपली कोण जाणे, आढ्यापर्यंत कोणी नेलीच नाही. वर छप्पर एकच, मोकळं. त्यामुळं बहीणभावाचं बोलणं वर्षानुवर्षं बंद होतं, पण ऐकणं चालू होतं. त्याचा खोकला हिला ऐकू यायचा, हिचा रेडिओ त्याला. कधी त्याला आवडणारं जुनं गाणं लागलं की ही मुद्दाम आवाज कमी करायची. इतकी दुष्ट होती.

त्या वर्षी उन्हाळ्यात एक वावटळ आली आणि दोन्ही पाख्यांवरची कौलं हलली. काही घसरली, काही फुटली. हिच्या अंथरुणावर दिवसा उन्हाचे कवडसे पडायला लागले. पावसाळ्यापूर्वी छप्पर झालं नाही तर पुढच्या खोल्यांत राहता येणार नव्हतं, हे उघड होतं. अख्खी गल्ली मान वर करून तेच बघत होती. मग एका सकाळी भावजय दारात आली. बिचारी गरीब स्वभावाची. नवऱ्यानं पाठवलं म्हणून आली.

"वन्सं, हे म्हणाले, एवढा खटाटोप कशाला. पुढचं उतरवून टाकू. मागं एक खोली आहे रिकामी. तुम्ही काय परक्या आहात का?"

"परकी नाही म्हणूनच अर्धं घर माझं आहे," ती म्हणाली. "त्याला सांग, छप्पर मी घालणार. आणि असं घालणार की तो मान वर करून बघेल."

"ऐकलं मी!" भिंतीपलीकडून आवाज आला.

"ऐकायलाच सांगितलं!" हिनं भिंतीला सुनावलं.

तर ती कौलं घ्यायला निघाली. जुन्या छपरावरचं एक धड कौल कंडक्टरच्या चामडी पिशवीत घातलं, मापाला. पहिल्या दुकानात दुकानदारानं तिच्या मागं बघितलं. मागं कोणी नव्हतं.

"कोणी बरोबर आलंय का?"

"कशाला? कौल उचलायला दोघं लागतात?"

"तसं नाही. घरातलं कोणी पुरुष माणूस असेल तर जरा टेक्निकल बोलता आलं असतं."

"पुरुष माणसं आहेत की. माझ्या बसमध्ये रोज खच्चून भरलेली असतात. कुठला पाठवू? उभा की बसलेला?"

त्या दुकानातून ती बाहेर पडली. दुसऱ्या दुकानात माल बरा होता आणि दुकानदार तोंडानं गोड. त्यानं आधी लालभडक कौल पुढं केलं. तिनं खिशातला तिकिटाचा पंच काढला आणि कौलाच्या पोटावर ओढला. रंगाची साल निघाली, खाली राखाडी सिमेंट.

"अहो, ओरखडा पडला ना बाई!"

"पंचानं ओरखडा पडतो ते मी ऊनपावसात ठेवू? लिपस्टिक लावलीय तुम्ही सिमेंटला."

मग त्यानं डांबरी शिंगल दाखवले. गुंडाळी उलगडून फळीवर खिळ्यांनी ठोकायचे पातळ तुकडे, वर वाळूचा थर. "जुन्या घराला हेच बेस्ट. हलकं. वर कोण चढून बघतंय?"

'वर कोण बघतंय' हे ऐकून तिची कानशिलं तापली. बाप म्हणायचा, छप्पर म्हणजे घराचं तोंड. खालून दिसत नाही म्हणून धुवायचं नाही का? तिनं मातीची कौलं मागितली. एकेक हातात घेऊन बोटाच्या पेरानं वाजवलं. थप्प असा आवाज आला ते बाजूला, टणत्कार आला ते जवळ. काचेच्या काउंटरवर पालथं ठेवून डुगडुगतं का बघितलं. छपराच्या लाकडी पट्टीत अडकणाऱ्या आकड्याचा दात बापाच्या कौलाशी जुळवला. शेवटी पाण्याच्या बाटलीतलं पाणी एका कौलाच्या खळग्यात ओतलं आणि खुर्ची ओढून समोर बसली.

"हे काय करताय?"

"पाणी पिते का बघते. तुम्ही चहा मागवा तोवर."

त्यानं मागवला, बिनसाखरेचा. चहा संपला तरी कौलाची पाठ कोरडी होती. ते सगळ्यांत जाड कौल, दोनदा भाजलेलं, गडद तपकिरी. हातात धरलं की मनगट खाली जाई.

"हे घेते," ती म्हणाली.

दुकानदारानं तिच्या चपलांकडं बघितलं. एका चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला होता. "हे जड आहे, बाई. घर जुनं म्हणता. हे तुम्हाला झेपणार नाही. वाशांचा विचार करा."

वाशांचा विचार करा, हे तो बोलला होता. अगदी स्पष्ट बोलला होता. पण त्याची नजर चपलेवर होती, आणि तो आधीचा शब्द तिच्या कानात साहेबाच्या, मामाच्या, आत्याच्या, सगळ्यांच्या आवाजात एकदम वाजला. पुढचं तिला ऐकूच आलं नाही.

"हेच द्या," ती म्हणाली. "आणि चपलेकडं बघणं झालं असेल तर बिल करा."

टेम्पो गल्लीत शिरला तेव्हा तिनं तो मुद्दाम मागच्या बाजूनं, भावाच्या परसावरून न्यायला लावला. तिकडून वळण पडत होतं. पडू दे.

कौलं बसवायला तिनं एक मिस्त्री धरला. त्याला मांजर म्हणायचे, कारण तो छपरावर असा चालायचा की खाली झोपलेल्या माणसाला कळत नसे, आणि दूध दिसलं की सगळं काम सोडून तिकडं जायचा. म्हणजे दुसऱ्या कामाचं आगाऊ कोणी दिलं की. त्यानं वासे ठोकून बघितले.

"वासे धड आहेत. पण माल वजनदार आणलात. खरं तर दोन्ही पाखी बरोबरीनं भरायला पाहिजेत. एक ओळ इकडं, एक ओळ तिकडं."

"तिकडचं पाखं माझं नाही."

"मग त्यांना विचारा ना."

"मी? त्याला? तू कौलं घालायला आलायस की लग्न जुळवायला?"

मांजरानं मान खाजवली. मागच्या पाख्यावर जुनी कौलं आहेत, तेवढा तोल राहील, असं म्हणत तो चढला. पुढच्या पाख्यावरची जुनी कौलं उतरली, नवीन चढली. वळचणीपासून आढ्यापर्यंत तपकिरी ओळी सरळ पट्टीनं आखल्यासारख्या. येणारेजाणारे थांबून बघायचे. डबल बेल ड्युटीवरून आली की आधी रस्त्याच्या पलीकडं उभी राहायची, तिथून आपलं छप्पर डोळे भरून बघायची आणि मग घरात जायची. आढ्यावरची शेवटची ओळ राहिली असताना मांजर गायब झालं. कुठंतरी दूध दिसलं असणार.

आता भावाचं बघा. इतके दिवस तो निवांत होता. पण गल्ली कशी सोडेल? बहिणीनं बघा काय छप्पर घातलं, आणि वायरमनसाहेब गळकंच ठेवणार वाटतं. तोही त्याच बापाचा. बहिणीचं बघून कौलं घालणं म्हणजे तिची नक्कल. म्हणून त्यानं पत्रे सांगितले. पत्रे आले नव्हते, यायचे होते. पण धीर कुठला? दोन माणसं लावली आणि मागच्या पाख्यावरची सगळी कौलं उतरवून घेतली. कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या, रिपासुद्धा, उपटल्या. बहिणीला विचारलं का? तिनं त्याला विचारलं होतं का?

असं एक घर उभं होतं, एका खांद्यावर पोतं आणि दुसरा खांदा उघडा. आणि दोन्हीकडची शहाणी माणसं आपापल्या पाख्यावर खूश.

त्या दुपारी ती पहिल्या शिफ्टवरून घरी आली. दार उघडलं, पिशवी आत ठेवली, दूध आणायला पुन्हा बाहेर आली, वळली, सवयीनं टाच उचलली आणि लाथ घातली. दार आपोआप, लोण्यासारखं, चौकटीत गेलं. लाथ हवेत गेली. ती धडपडून भिंतीला धरून उभी राहिली.

तिनं दार उघडलं, पुन्हा लावलं. बोटानं. लागलं.

"बघितलंस?" ती दाराला म्हणाली. "चांगला माल डोक्यावर पडला की घरसुद्धा वळणावर येतं."

इतकी खूश होऊन तिनं दूध आणलं आणि चहा टाकला. कपात ओतला, तोंडाला लावणार, तर चहावर पांढरी पूड. तिनं ती बोटानं काढली. पुन्हा पडली. मान वर केली. भिंतीच्या वर, जिथं भावाच्या पाख्याची काळपट कौलं दिसायची, तिथं लख्ख आभाळ होतं. आणि आढं, जे लहानपणापासून ती उताणी पडून बघत आली होती, ते सरळ नव्हतं. मधोमध मागच्या बाजूला, भावाच्या बाजूला, रेललं होतं. भिंतीच्या माथ्यावरचा गिलावा बारीक बारीक झरत होता.

तिला कोणी समजावायची गरज नव्हती. बस एका अंगाला कलली की कसं वाटतं हे तिच्या तळपायांना ठाऊक होतं. सगळे दाराच्या बाजूला लटकलेले, पलीकडच्या सीटा रिकाम्या, आणि वळणावर ड्रायव्हर ओरडतो, माणसं हलवा त्या बाजूला! दार वळणावर आलं नव्हतं. वाशांनी पुढची भिंत बाहेर ढकलली होती, म्हणून चौकट सैल झाली होती.

ती कप तसाच ठेवून पळाली. गल्लीला वळसा घालून भावाच्या परसात शिरली, जिथं वाटणी झाल्यापासून तिनं पाऊल टाकलं नव्हतं. वर दोन माणसं आढ्याला लागून असलेली शेवटची रीप उचकटत होती. भाऊ खाली कमरेवर हात ठेवून उभा.

"थांबा!" ती गरजली. पायरीवर लटकलेल्या दंगेखोर पोरांना खाली उतरवणारा आवाज होता तो. "सिंगल बेल! हात लावाल तर याद राखा! उतरा खाली!"

वरची माणसं जागच्या जागी थिजली. ती शिडीकडं झेपावली.

"ताई, चप्पल काढून चढ, घसरशील!" भाऊ ओरडला. इतक्या वर्षांनंतरचं समोरासमोरचं पहिलं वाक्य. मग त्याला एकदम आठवलं की आपलं बोलणं बंद आहे. "आणि माझ्या शिडीवर कोणाला विचारून चढतेस?"

"तुझी शिडी घाल चुलीत! आढं बघ! डोळे आहेत ना, वायरी बघून बघून गेले का?"

त्यानं बघितलं. त्याचा चेहरा उतरला, आणि उतरलेला चेहरा लपवायला त्यानं आवाज चढवला. "हे तुझ्या कौलांनी केलं! दगड आणून घातलेस डोक्यावर! माझं घर ढकललंस तू!"

"आणि तू पाखं नागडं केलंस ते? एक कौल ठेवलं नाहीस! विचारलंस मला?"

"तू विचारलंस? टेम्पो माझ्या परसावरून नेलास ते दाखवायला, ते नाही दिसलं मला?"

"दाखवायलाच नेला!"

"दिसला!"

"दिसला ना? मग झालं!"

भावजय दारात उभी होती, हातांना पीठ लागलेलं. नंतर ती सांगायची की त्या दोघांना असं भांडताना बघून तिला इतकं बरं वाटलं, की आढं पडेल हे ती क्षणभर विसरलीच. मग तीच म्हणाली, "अहो, भांडणाला जन्म पडलाय. आधी टेकू लावा."

टेकू लावले. भावाच्या कामाचे दोन लाकडी खांब होते ते उभे केले. डबल बेल रिक्षा करून डेपोत गेली आणि तिथून गाडीचा मोठा जॅक घेऊन आली. कोणाची परवानगी घेतली हे कोणी विचारलं नाही, तिचं तोंड बघून विचारायची हिंमत झाली नसावी. येताना चहाच्या टपरीवरून मांजराला मानगुटीला धरून आणलं.

"मी म्हटलं होतं बाई, दोन्ही पाखी बरोबरीनं..."

"म्हटलं होतंस आणि गप बसलास. मी ओरडले की गप बसायचं नसतं, आणखी मोठ्यानं ओरडायचं असतं. बोल आता, काय करायचं?"

मांजर म्हणालं, आधी पुढच्या पाख्याचं वरचं वजन उतरवा, मग जॅकनं आढं हळूहळू सरळ करू. मग दोन्हीकडं सारखं वजन. जाड कौलं फक्त खालच्या ओळींत, भिंतींच्या डोक्यावर. वरती आढ्याजवळ हलकी. "पण हलकी आणायची कुठून? आणि या बाजूला तर पत्रे यायचेत."

परसात कुंपणाशी भावानं उतरवलेली जुनी कौलं रचून ठेवली होती. भंगारवाला न्यायचा होता. डबल बेल त्या ढिगाशी गेली. एक उचललं, पेरानं वाजवलं. टण्ण. दुसरं उचललं. टण्ण. बापानं सुट्टीच्या दिवशी एकेक निवडून बसवलेली ती कौलं, शेवाळानं काळी पडलेली, तिच्या नव्या कौलाच्या निम्म्या वजनाची, आणि आवाज तसाच्या तसा. तिला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. ती भडकली. दुकानदारावर, त्याच्या नजरेवर, तारेच्या चपलेवर, त्या 'झेपणार नाही'वर, जे ऐकलं की तिचे कान बंद व्हायचे. आणि वर जाऊन आडव्या पडलेल्या बापावरसुद्धा, की इतकं चांगलं काम करून ठेवलंस आणि कुणाला काही शिकवलं नाहीस.

"ही तू भंगारात देणार होतास?" ती भावावर कडाडली.

"तू तुझी उतरवलीस ती काय देव्हाऱ्यात ठेवलीस?"

तिची पुढच्या ओसरीत फळीखाली पडली होती. तिनंही विकायलाच काढली होती. तिनं हातातलं कौल तळहातानं पुसलं. उलट ओरडायचं सोडून ती कौल पुसतेय, हे बघून भाऊ चमकला.

"माझी जाड कौलं अर्धी तुझ्या पाख्यावर जातील," ती शेवटी म्हणाली. "आणि वर आपल्या बाची, दोन्हीकडं."

"मला तुझे उपकार नकोत."

"उपकार कसले रे, गधड्या? गाडी कलंडायला आलीय, मी माणसं इकडून तिकडं बसवतेय. तिकीट ज्याचं त्यानं काढलंय."

"आणि माझे पत्रे?"

"परत पाठव. पत्रा घातलास तर पावसात तुला माझा रेडिओ ऐकू येईल का?"

भावानं पायाशी पडलेलं एक कौल उचलून ढिगावर सरळ ठेवलं. "हल्ली आवाज फार कमी ठेवतेस तू," तो म्हणाला.

मग दोघं ढिगाशी बसली. ती वाजवायची, तो ऐकायचा. थप्प आवाजाच्या कौलावर दोघांचे वाद झाले; तो म्हणायचा चालेल, ती म्हणायची कानात बोळे घातलेस का. भावजयीनं चांगली कौलं धुऊन उन्हात मांडली. आढं टेकूंवर इंचाइंचानं सरळ येत होतं आणि प्रत्येक वेळी लाकूड कण्हलं की बहीणभाऊ एकदम बोलायचे थांबायचे, श्वास धरून वर बघायचे, आणि लाकूड गप झालं की पुन्हा भांडायला लागायचे.

छप्पर झालं. खाली गडद तपकिरी ओळी, वर बापाची काळी कौलं. पुढून बघा की मागून, एकसारखं. गल्लीनं नावं ठेवलीच. ठिगळाचं घर म्हणाले. एकजण डबल बेलला बसमध्ये म्हणाला, "काय हो, शेवटी भावाची मदत घ्यावीच लागली ना?" तिनं दोरी एकदा ओढली, गाडी थांबवली आणि त्याला त्याच्या स्टॉपच्या आधी उतरायला लावलं. "मदत नाही," ती पायरीवरून म्हणाली. "अर्धं छप्पर माझं, अर्धं त्याचं, आणि दोन्हींवर कौलं माझी. चालत जाताना विचार कर." दोरी दोनदा ओढली.

कोर्टानं दिलेलं अर्धं घर अर्धंच राहिलं. मागची खोली तिनं घेतली नाही, मधली भिंतही कोणी पाडली नाही. आढ्यावरची ओळ कोणाच्या हद्दीत येते यावर पुढं बरेच दिवस खडाजंगी झाली. रेडिओचा आवाज मात्र वाढला, इतका की भाऊ भिंतीवर थाप मारून "कमी कर" म्हणायला लागला.

मांजर टेकू काढून गेलं त्याच्या दुसऱ्या सकाळी ती ड्युटीवर निघाली. पिशवी खांद्याला, पंच खिशात, चपलेला नवीन अंगठा. बाहेर येऊन दार लोटलं. ते चौकटीच्या अलीकडं अडकलं. तिनं जोरात लोटलं. हललं नाही. तिच्या कपाळावर आठी चढली, आणि मग ती आठी हळूहळू उतरली. भिंत जागेवर आली होती.

तिनं दार थोडं उघडलं, खळगा बघितला, टाच उचलली आणि अशी लाथ घातली की वळचणीतली चिमणी उडाली.

"ताई!" भिंतीपलीकडून, झोपेतून उठलेला आवाज आला. "हळू जरा! घर पाडशील!"

"माझं दार आहे, माझी लाथ आहे!" ती ओरडली, आणि गल्लीत चहा टाकला गेला.